ओमुरकुलची गाडी आणि गप्प बसणारी डबी

तोकमोकच्या बाजारात ओमुरकुलला ओळखत नाही असा माणूस एक तर बहिरा असला पाहिजे, नाही तर कालच गावात उतरलेला. कारण ओमुरकुल दिसायच्या आधी ऐकू येतो. आधी त्याच्या करड्या गाडीचा खडखडाट, मग त्याचा स्वतःचा. गाडी दिसते पावाच्या लादीसारखी. एक दार दोरीनं बांधलेलं. आत ड्रिल, शिडी, वायरींची भेंडोळी, सिमकार्डांचा डबा आणि सीटखाली कुरुतचं, म्हणजे खारवून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचं पुडकं, असा सगळा संसार. दुकानांत चोरघंटा बसवायची त्याची नोकरी. पण तो सांगतो अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही राखण-कंपनी यानंच काढली आणि मालकाला मागाहून दयेनं ठेवून घेतलं.

तरुणपणी तो सामुदायिक शेतीवरच्या रेडिओंची दुरुस्ती करायचा. मग टेलिफोनच्या तारा ओढायला लागला. त्या काळी चोरघंटा टेलिफोनच्या तारेवर चालायची. दुकान फुटलं की तारेतून कंट्रोल रूमला वर्दी. चोरांनी यावर सोपा उपाय काढला. आधी तार कापायची, मग दुकान फोडायचं, आणि जाताना तारही गुंडाळून न्यायची, तांबं विकलं जातं म्हणून. ओमुरकुलच्या हाताची कितीतरी तार अशी बाजाराच्या एका टोकाला चोरीला गेली आणि दुसऱ्या टोकाला विकली गेली. एकदा तर त्यानं स्वतःचीच तार परत विकत घेतली आणि घासाघीस करून वर चहाही प्याला.

मग सिमकार्डवाल्या डब्या आल्या आणि ओमुरकुलचे दिवस पालटले. या डब्यांचं मर्म त्याला लगेच कळलं, कारण ते त्यानं लहानपणी पाठीवर सोसलं होतं. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर धुकं उतरलं की त्याचा बाप सांगायचा, "मेंढरांमागं जा, आणि थोड्या थोड्या वेळानं शीळ घालत राहा. शीळ आली म्हणजे तू आहेस. नाही आली, तर मी घोड्यावर." एकदा पोरगं खडकाआड बसून चोरलेली साय खात होतं. तोंड भरलेलं, शीळ कुठून घालणार? बाप धुक्यातून घोडा फेकत आला. लांडगा नाही, दरड नाही, नुसती साय बघून त्याला इतका आनंद झाला, की त्यानं पोराला मिठी मारली आणि मग त्याच मिठीत धरून बदडलं.

"डबीचं तसंच," ओमुरकुल गिऱ्हाइकांना समजावतो. "वीज गेली, बॅटरी उतरली, कुणी झाकण उघडलं, तर ती बोंब मारते. पण चोरानं तिचा गळाच दाबला, तर बोंब मारणार कशी? म्हणून ती दर थोड्या वेळानं शीळ घालते, मी आहे, मी आहे. शीळ चुकली की कंट्रोल रूममध्ये पडद्यावर पिवळं. दुसऱ्या सिमवरूनही उत्तर नाही, की लाल. लाल झालं की पहाऱ्याची गाडी निघालीच. तिच्यातल्या पोरांनी दुकानात येऊन डोळ्यांनी बघायचं, मालकाशी बोलायचं, मगच परत."

एवढं सांगून तो मांडी ठोकतो. "पण माझ्या हाताची डबी गप्प बसत नाही!" हे वाक्य तो लग्नात म्हणे, बारशात म्हणे, आणि एकदा मयताला गेला होता तिथंही म्हणून बसला.

आणि नेमकी त्याच्या हाताची एक डबी गप्प बसायला लागली.

डबी झूराकान एजेच्या दुकानातली. एजे म्हणजे थोरली बहीण. बाजारातले निम्मे लोक तिला एजे म्हणतात आणि उरलेले घाबरतात. ती विकते बिडाच्या कढया. अंड्याएवढ्या कढईपासून ते अख्खा घोडा शिजेल अशा कढईपर्यंत. दुकान म्हणजे आमच्याकडे असतो तसा लोखंडी कंटेनर. लोखंडात लोखंड. आत सिमला टॉवर कसा दिसणार? म्हणून ओमुरकुलनं अँटेना छपरावर चिकटवला होता, बुडाला लोहचुंबक असलेला, बोटभर उंचीचा. काम चोख. डबी उन्हाळाभर बुलबुलासारखी शीळ घालत राहिली.

थंडी सुरू झाली आणि भर दुपारी, बाजार ऐन गर्दीत असताना, एक दिवस ती गप्प झाली. गाडी धावली. पोरं पोचेपर्यंत डबी पुन्हा बोलायला लागली होती. दुकान जागच्या जागी, एजे जागच्या जागी. दारी आलेला माणूस नान तोंडाला लावल्याशिवाय परत जात नाही, ही आमची रीत. पण झूराकान एजेकडे 'तोंडाला लावणं' म्हणजे नान, त्यामागून बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात, साय, जर्दाळूचा मुरंबा आणि चहा. पोरं पट्टा सैल करत परत आली.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. ओमुरकुलनं सिमकार्डं बदलली. बॅटरी बदलली. अँटेना बदलला, वायर बदलली, शेवटी डबीच बदलली. नवी डबी जुनीसारखीच गप्प. टॉवरला शिव्या द्याव्यात, तर शेजारच्या टोपीवाल्या जेकशेनची डबी त्याच टॉवरवर मजेत शीळ घालत होती. मग त्यानं हवेला दोष दिला, सूर्यावरच्या डागांना दिला आणि वरून जाणाऱ्या उपग्रहालाही सोडलं नाही.

"बाइके," म्हणजे दादा, कंट्रोल रूममधून कुंदुज त्याला म्हणाली, "तो उपग्रह फक्त माझ्या आईच्याच दुकानावरून जातो का हो?"

कुंदुज ही झूराकान एजेची लेक. कंट्रोल रूमच्या पडद्यासमोर बसून कुठली डबी बोलते, कुठली नाही हे बघायचं आणि रेडिओवरून गाड्या धाडायच्या, हे तिचं काम. जीभ आईची.

"तू हस," ओमुरकुल म्हणाला. "तुझ्या आईच्या पत्र्यात काहीतरी बाधा आहे. दुसरं काही नाही."

पण आर्गेन हसला नाही. आर्गेन म्हणजे मालकाचा मुलगा, आता तोच मालक. लहानपणी ओमुरकुलच्याच गाडीत बसून कुरुत चोखायचा. आता टॅबलेट घेऊन हिंडायचा.

"ओमुरकुल बाइके, बाजारात लोक बोलायला लागलेत. म्हणतात, यांची डबी झोपते आणि पोरं जेवायला येतात."

"आर्गेन, माझ्या हाताची डबी..."

"गप्प बसत नाही, माहीत आहे. मी पाळण्यात होतो तेव्हापासून ऐकतोय. आता माझं ऐका. आणखी एकदा ती गप्प बसली आणि तुम्हाला दोष सापडला नाही, तर गाडीची किल्ली माझ्या हातात द्यायची. जोडणीला मी नवा माणूस घेईन. तुम्ही कुंदुजशेजारी खुर्चीत बसायचं."

खुर्ची! ओमुरकुलच्या तोंडचं पाणी पळालं. चाकांची खुर्ची, पण जागची न हलणारी. कानाला यंत्र, समोर पडदा. ज्या माणसाचा सकाळचा चहा घड्याळवाल्याकडे, दुसरा कसायाकडे, तिसरा ज्याच्याकडे काही भांडण चालू असेल त्याच्याकडे, त्यानं चार भिंतींत बसायचं? घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं होईल. निदान तू कुठं आहेस ते कळेल मला." त्या रात्री त्यानं जेवणात मीठ जास्त आहे म्हणून भांडण काढलं. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तो गाडी लांब उभी करून जेकशेनच्या दुकानात शिरला आणि नमद्याच्या पांढऱ्या टोप्यांच्या ढिगाआड बसला.

"काय चाललंय?" जेकशेननं विचारलं.

"टोपी बघतोय."

"सकाळपासून?"

"डोकं मोठं आहे माझं."

"ते दिसतंयच. गिऱ्हाइकाला पाय दिसू देऊ नकोस."

दुपार झाली. झूराकान एजे बाहेर आली. हातात आकड्याची लांब काठी, उंचावरच्या कढया काढायची. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग दारातली एक मध्यम कढई काठीला अडकवून अलगद वर चढवली आणि छपरावरच्या अँटेनावर, कोंबडीवर टोपली घालावी तशी, पालथी घातली. वर बीड, खाली लोखंडी पत्रा. वाऱ्यालाही आत जागा नाही, तिथं शीळ बाहेर कुठून येणार! मग एजेनं हात झटकले, आत जाऊन किटली चढवली आणि दस्तरखान पसरायला घेतला.

आणि आपल्या ओमुरकुलला ती कढई छपरावर याआधी कितीदा दिसली होती! पोरं पोचेपर्यंत एजे ती उचलून छपरावरच बाजूला ठेवायची आणि संध्याकाळी खाली घ्यायची. कढयांच्या दुकानावर कढई, त्यात बघायचं काय, म्हणून तो तिला वळसा घालून अँटेना तपासत बसायचा. एकदा तर त्यानं तिच्यात पकड आणि स्क्रू ठेवले होते.

टोप्यांचा ढीग कोसळला. "एजे!"

"ओरडू नकोस," झूराकान एजे न दचकता म्हणाली. "बस. चहा घे."

"चहा? मी तुमच्यासाठी सूर्याला शिव्या घातल्या! उपग्रहाला घातल्या! आणि तुम्ही कढई..."

"मग काय करू? लेक माझी. दिवसभर तुमच्या त्या पोरांशी रेडिओवर बोलते, आणि घरी आली की फोन घेऊन गोठ्यामागं जाते. तिथला आवाज वेगळाच. लोणी लावलेला. विचारलं, कोण गं? तर म्हणते, कामाचं आहे, आई. गोठ्यामागं कसलं काम?"

"म्हणून डबी बंद?"

"म्हणून एकेक पोरगं दारात आणून बघते. तुमचा नियमच आहे ना, डबी गप्प तर माणूस हजर? मी नान पुढे करते आणि म्हणते, घे बाळा, आमच्या कुंदुजनं भाजलंय. आणि कान बघते. ज्याचे कान लाल, तो आपला."

ओमुरकुलचा राग अर्ध्या वाटेतच अडखळला. गोठ्यामागचा तो आवाज कुणासाठी आहे ते शोधायला बाई लेकीच्या नावाची शीळ घालत होती आणि उत्तर कुठून येतं ते बघत होती. त्याला तर हे आधी सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. "मग? सापडला?"

"कुठला! एकानं विचारलं, कुंदुज कोण? एकानं बोरसोक असे हाणले, की रक्त कानापर्यंत पोचलंच नाही, सगळं पोटात. एकाचे लाल झाले, मी पोळपाट सोडून धावले, तर म्हणे, कान फुटलाय, थंडीत ठणकतो. एक गाडी तेवढी राहिली. ती काही येतच नाही."

"कुठली?"

"लांबटांगा आहे बघ तो, कोचकोरकडचा. सुयुन."

ओमुरकुलनं चहाचा वाडगा खाली ठेवला. सुयुनची गाडी उभी असते बेकरीच्या कोपऱ्यावर. बाजाराला सगळ्यात जवळ. लाल झालं की जवळची गाडी जायची, हा नियम. आणि नेमकी जवळची गाडी एकदाही आली नव्हती. गाड्या धाडतं कोण? कुंदुज! जेवून आलेल्या पोरांकडून नानाची आणि कानांची गोष्ट ऐकून पोरगी आपल्या माणसाला आईपासून लपवत होती, आणि त्यापायी गावभरची पोरं जेवून जात होती. ओमुरकुलला इतकं हसू फुटलं, की चहा नाकातून आला.

"काय झालं?"

"काही नाही. ठसका."

"हे बघ," एजेनं काठी त्याच्या छातीशी टेकवली, "यातलं एक अक्षर आर्गेनला कळलं, तर उद्या माझ्या लेकीचं नाव बाजारभर होईल. सोयरीक जुळायच्या आधी मोडेल. शपथ घे."

"अहो पण मला दोष सापडला नाही तर माझी गाडी जाते! खुर्चीत बसवणार मला!"

"बस मग खुर्चीत. खुर्चीनं कुणी मेलंय?"

"मी मरेन! पहिला मी असेन!" आणि एवढ्यात त्याची नजर वर गेली. "एजे, कढई! कढई अजून वरच आहे!"

बाहेर गाडीचं दार आपटलं. पडद्यावर लाल बघून आर्गेन स्वतःच निघाला होता. त्याची गाडी गॅरेजात, म्हणून कुंदुजला न विचारता बेकरीच्या कोपऱ्यावरची गाडी धरली होती. पुढे आर्गेन, मागे, दाराच्या चौकटीत न मावणारा, सुयुन.

"हे बघा," आर्गेननं टॅबलेट पुढे धरला. "लाल. अजून लाल. आणि तुम्ही इथंच बसलेले, डबीखाली, चहा पीत! दोष सापडला का?"

तोकमोकमध्ये ओमुरकुलनं पोटात ठेवलेली एक गोष्ट आजवर कुणी पाहिली नव्हती. बायकोचं वजन, मेव्हण्याची मूळव्याध, सगळं त्यानं बाजाराला वाटलं होतं. आता तर दोष डोक्यावर होता, अक्षरशः. एक बोट वर केलं की गाडी वाचत होती. त्यानं एजेकडे बघितलं. एजे त्याची नजर चुकवून नानाची रचलेली चवड पुन्हा रचत होती. या बाईला कुणाची नजर चुकवताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि आर्गेनच्या तळहातावर ठेवली.

"नाही सापडला," तो म्हणाला. "माझ्या हाताची डबी गप्प बसली. घे."

आर्गेनची भांडणाची तयारी होती, याची नव्हती. तो काही बोलणार, तेवढ्यात एजेनं नान त्याच्या तोंडाशी नेलं. रीत ती रीत. मालकही सुटत नाही. त्यानं तुकडा मोडला. मग एजे वळली दाराकडे.

"घे बाळा. आत ये. आमच्या कुंदुजनं भाजलंय."

सुयुननं नान घेतलं, तोंडात घातलं, आणि नेमका त्याच्या छातीवरचा रेडिओ खरखरला.

"सुयुन! तुझी गाडी बाजारात काय करतेय? कुणी पाठवलं तुला? ऐक, आईनं नान दिलं तर घेऊ नकोस! आणि टोपी खाली ओढ, कान झाक! ऐकतोयस ना रे, माझ्या राजा?"

सुयुनचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल, मग असे, की त्यांच्यावर किटली ठेवली असती तर उकळली असती. त्यानं बटण दाबलं आणि भरल्या तोंडानं सांगितलं, "खाल्लं."

"काय खाल्लं?"

"नान."

"टोपी?"

"टोपी हातात आहे."



"हाच तो आवाज!" झूराकान एजे ओरडली. "हेच लोणी!" तिनं सुयुनला खाली ओढून त्याच्या कपाळाचा मुका घेतला, काठी उचलली, बाहेर गेली, आणि घणघणाट करत कढई खाली आणली. आर्गेनच्या हातातला टॅबलेट लगेच हिरवा झाला.

"डबी मी गप्प केली होती," ती आत येऊन म्हणाली. "याला माहीत होतं आणि हा बोलला नाही. ओमुरकुल बोलला नाही! त्याची किल्ली त्याला दे, आर्गेन. असा चमत्कार पुन्हा होणार नाही."

"म्हणजे... कढई?" आर्गेन म्हणाला. "आणि कुंदुज जवळची गाडी सोडून मुद्दाम लांबची... ही तर कामात..."

पुढचं वाक्य बोरसोकाखाली दबलं. एजेनं एक घातला, तो गिळेपर्यंत दुसरा. दोषाचं कारण टॅबलेटवर भरायचं होतं. तिथं वीज होती, बॅटरी होती, सिम, टॉवर, डबी, सगळं होतं, कढई नव्हती. शेवटी आर्गेननं 'इतर' दाबलं आणि किल्ली ओमुरकुलच्या वाडग्याशेजारी ठेवली.

"पण छपरावर मी हजारदा चढलो होतो," ओमुरकुल म्हणाला, "तेव्हा ती कढई..."

"बाइके," आर्गेन म्हणाला, "आत्ताच तुम्ही गप्प बसला होता. चांगलं वाटलं होतं."

वसंतात लग्न झालं. कुंदुज महिनाभरासाठी सासरी कोचकोरला गेली, आणि कंट्रोल रूमची खुर्ची रिकामी झाली. डब्यांची भाषा कळणारा दुसरा माणूस कोण? आर्गेननं कानाचं यंत्र पुढे केलं. "फक्त ती येईपर्यंत, बाइके. किल्ली तुमचीच." ओमुरकुल फाशी जाणाऱ्यासारखा बसला. पहिले दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घड्याळवाल्याची डबी जराशी पिवळी झाली. नियम असा, की पिवळं झालं तर मालकाला फोन करायचा. त्यानं केला. डबी लगेच हिरवी झाली, पण फोन अर्धा तास चालला.

आणि मग त्याला कळलं, की इथून सगळा बाजार एका बटणावर आहे. कुणाची शीळ क्षणभर उशिरा आली की याचा फोन. "काय रे, डबी का गप्प? ठीक आहेस ना? सासू आली म्हणे तुझी?" कसायाला फोन, औषधवालीला फोन. जेकशेननं तर तक्रार केली, की माझी डबी हिरवी असतानाही हा विचारतो, हिरवी का आहे.

महिना संपला. कुंदुज परतली, डोक्याला नव्या नवरीचा पांढरा रुमाल, आणि खुर्चीमागं उभी राहिली. आर्गेन किल्ली घेऊन तिच्याशेजारी.

"बाइके, उठा. माझी जागा."

ओमुरकुलनं मागं न बघता एक हात वर केला. "थांब गं पोरी. घड्याळवाल्याला त्या तारेची गोष्ट सांगतोय. आत्ताच तर चोर तार कापायला बसलाय."